आणि त्यावर तुझं काय म्हणणं?

मुलींच्या निबंधात दुसऱ्याचं वाक्य कुठे येतं, ते तिथे कशाला आलंय आणि ते संपल्यावर मुलगी स्वतः काय म्हणते, हेच मी नोकरीभर बघत आले. इंग्रजीच्या बाई म्हटलं की लोकांना वाटतं, स्पेलिंगं सुधारण्यात हिचा जन्म गेला असेल. स्पेलिंगं कोश उघडून कोणालाही सुधारता येतात. माझं काम वेगळं होतं आणि ते मला चांगलं जमायचं, हे आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही.

संपादकांनी कळवलंय की नेमणुका, बदल्या, मानपत्रं यातलं काही नको, वर्गातले प्रसंग लिहा. बरं झालं, कारण मानपत्र मला कोणी दिलेलंच नाही. माझ्या मराठीला मात्र सांभाळून घ्या. आमचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात शिलेदार म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. घोडे गेले, तलवारी गेल्या, भाषा तेवढी घरात राहिली, तीही निम्मी कन्नड. पुण्याहून कोणी पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावतात. लावू देत.

मी शिकवायला लागले तेव्हा शाळेची पडद्याची बैलगाडी घरोघर फिरून मुली गोळा करायची. गाडी शाळेच्या दारात येईपर्यंत आतून पाठांतराचा आवाज यायचा. लहानपणापासून स्तोत्रं, पाढे, श्लोक, सगळं पाठ. अशी भरलेली डोकी वर्गात येऊन बसायची आणि निबंध लिहा म्हटलं की आतलं सगळं कागदावर सांडायचं. विषय ‘गाय’ असो की ‘आगगाडी’, पहिल्या ओळीत एक थोर पुरुष काहीतरी म्हणून जायचा, मधे दुसरा, शेवटी तिसरा. मुलगी कुठेच नाही. मी समासात लिहायची, ‘यात तू कुठे आहेस?’ एकीने खाली प्रामाणिकपणे लिहून दिलं होतं, ‘अम्मावरे, मी त्या दिवशी हजर होते.’

अदलाबदलीची पद्धत मी सुरू केली ती कुठल्या पुस्तकात वाचून नाही. खरं कारण आळस. घरी धाकट्या बहिणीचं लग्न निघालं होतं, निबंधांचा गठ्ठा तसाच पडलेला. मी तो वर्गात नेला आणि मुलींनाच वाटून टाकला, हिचा तिला, तिचा हिला. म्हटलं, आजचा तास तरी निघेल. तास संपला तेव्हा मी चाट पडले. माझ्यासमोर मान वर न करणाऱ्या मुली एकमेकींना असे काही प्रश्न विचारत होत्या की मला सुचले नसते. मग दर शुक्रवारचा तो रिवाजच झाला.

बाहेरच्यांना समजावं म्हणून नियम सांगते. हातात फक्त पेन्सिल. व्याकरणाला हात लावायचा नाही, ते माझं काम. जोडीदारणीने निबंधातली उसनी वाक्यं तेवढी शोधायची, खाली रेघ मारायची आणि विचारायचं, हे कोण बोलतंय? इथे का बोलतंय? आणि त्यावर तुझं काय म्हणणं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळ्या देत. तिसऱ्याला गाडी अडायची. मुली उसन्या वाक्यांना ‘नेंटरु’ म्हणायच्या, कन्नडमध्ये पाहुणेसोयरे. पाहुण्याला दिवाणखान्यात बोलत बसवून आपण स्वयंपाकघरात लपायचं नाही, इतकं त्यांना बरोबर कळलं होतं. निबंध तपासणं म्हणजे यजमानीण हजर आहे की नाही ते पाहणं.

नमुने एकेक भेटले. एकीच्या निबंधात दर आठवड्याला ‘एक विद्वान तत्त्वज्ञ म्हणतात’ असं यायचं आणि वाक्यं खरोखर चांगली असायची. जोडीदारणीने खनपटीला बसून विचारलं, हा तत्त्वज्ञ कोण? शेवटी कळलं, हुणसूरला बैलगाड्या बांधणारा तिचा मामा. मुलीला वाटलं, आता बाई ओरडणार. मी म्हटलं, मामाचं नाव घालून लिही, काही बिघडत नाही. पुढे तो मामा आमच्या वर्गात इतका माहितीचा झाला की इतर मुलीही त्याची वाक्यं वापरायला लागल्या.

दुसरी अडचण आमच्या संस्थानी गावातलीच. हुजुरांच्या, म्हणजे महाराजांच्या, भाषणातलं वाक्य निबंधात आलं की जोडीदारीण पेन्सिल खाली ठेवून हात जोडायची. त्या वाक्याखाली रेघ कशी मारायची? पापच की ते. हुशार मुलींनी हे ताडलं आणि काहींनी प्रत्येक परिच्छेदात हुजुरांना आणून बसवलं, म्हणजे कोणी काही विचारायलाच नको. मी वर्गात सांगितलं, ‘वाक्य हुजुरांचं आहे, त्यांना कोणी काही विचारत नाहीये. ते इथे आणलंस तू. प्रश्न तुला आहे.’ तरी रेघ कोणी मारेना. मग त्या वाक्यापुरती रेघ वरून मारायची, असं मुलींनी आपापसात ठरवून टाकलं. मी ते चालू दिलं.

आता पद्मावतीचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच मी हा लेख लिहायला घेतला.

पद्दू नदीकाठच्या सोसले गावची. वडील शास्त्री, गावात मुलांना संस्कृत शिकवायचे आणि लेकीलाही शेजारी बसवून शिकवलेलं. लग्न लहानपणी झालं आणि नवरा तापाने गेला तेव्हा तिला धड कळतही नव्हतं. शास्त्र्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांचा विरोध सोसून तिला म्हैसूरला मावशीकडे ठेवलं आणि शाळेत घातलं. म्हाताऱ्यांनी एकच अट घातली होती. घराण्याच्या नावाला बोल लागेल असं काही कानावर आलं, की त्या दिवशी तिला परत आणायचं. परत आणायचं म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. केस उतरवायचे, तांबडं लुगडं नेसवायचं आणि उरलेला जन्म घराच्या मागच्या खोलीत. पद्दू हे कधी बोलायची नाही. पण सोसल्याहून कोणी आलंय म्हटलं की ती लिहितालिहिता थांबायची, हे मी पाहिलंय.

तिची जोडीदारीण काशी, आमच्या मराठी रंगाऱ्यांच्या गल्लीतली. घरी लुगडी रंगवायचं काम, त्यामुळे बोटांच्या पेरांत निळा रंग कायमचा बसलेला. जिभेला हाड नाही. पद्दू एक वाक्य बोलेपर्यंत काशीची दहा व्हायची, त्यातली चार कन्नड. या दोघींची जोडी मी मुद्दाम लावली होती आणि त्याचा मला अभिमान आहे. काशीचं पुढे काय झालं ते आताच सांगून टाकते, कारण नंतर सांगायचा धीर होणार नाही. वरची परीक्षा तोंडावर आली असताना तिचं लग्न लावून दिलं. मी तिच्या घरी जाऊन भांडले, उपयोग झाला नाही. इतकी तल्लख पोर मी पुन्हा पाहिली नाही आणि ती सल अजून आहे.

तर त्या वर्षी दसऱ्यानिमित्त निबंधस्पर्धा होती, विषय ‘नदी’. तपासायला एक निवृत्त अमलदार नेमले होते. इंग्रजी आणि संस्कृत दोन्हींत त्यांचा हात धरणारा कोणी नाही, अशी ख्याती. पद्दूने निबंध लिहिला, शिरस्त्याप्रमाणे काशीने वाचला. काशीने तीन जागी रेघा मारून विचारलं, ‘हे कोण बोलतंय? तुझं नाही हे, मला कळतंय.’ पद्दू म्हणाली, ‘ते त्यांना समजेल.’ काशीने पुन्हा विचारलं, पद्दूने पुन्हा तेच सांगितलं. काशीला वाटलं, असेल काही संस्कृतातलं, मोठ्यांना समजत असेल. स्पर्धेच्या निबंधाला बाईंनी हात लावायचा नाही असा नियम, त्यामुळे मी न वाचताच तो गेला.

दसरा आठवड्यावर असताना हेडमिस्ट्रेसबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या मद्रासकडच्या, शिस्तीच्या, मनाने वाईट नाहीत. अमलदारांनी कळवलं होतं की या मुलीच्या निबंधातली उत्तम म्हणावीत अशी वाक्यं चोरीची आहेत, संस्कृत श्लोकांची इंग्रजी करून स्वतःची म्हणून खपवली आहेत, आणि अशा मुलीला शाळेत ठेवावं का याचा विचार व्हावा. बाईंनी सोसल्याला निरोपही धाडून दिला होता. चोरी झाली असेल असं मला क्षणभरही वाटलं नाही. पण घराण्याला बोल लागायचा तो लागला होता, आणि तोही शाळेच्या माणसाकरवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्री आले. खांद्यावर धोतराची घडी, हातात स्वतःच्या पाण्याचा तांब्या. शाळेतलं पाणी ते घेणार नव्हते. खुर्ची दिली तर नको म्हणाले आणि भिंतीकडच्या बाकावर टेकले. अमलदार बाईंच्या शेजारी बसले होते. पद्दू दाराशी, पदर डोक्यावरून घेतलेला. तिच्यामागे काशी. काशीला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिला बाहेर काढायचं माझ्या मनात आलं नाही.

अमलदारांनी निबंधातली पहिली खूण केलेली जागा वाचून दाखवली आणि शास्त्र्यांसाठी कन्नडमध्ये सांगितली. नदी सर्वांना पावन करते, तिच्यात न्हाणाऱ्याचा सगळा मळ जातो, अशा अर्थाचं काही. शास्त्र्यांनी मूळ श्लोक ओठातल्या ओठात म्हटला. म्हणजे ओळख पटलीच.

‘मगू,’ अमलदार म्हणाले, कन्नडमध्ये बाळ, आवाज चढवला नाही, ‘हे तुझं आहे का?’

‘नाही.’

‘मग कोणाचं ते का नाही लिहिलंस?’

पद्दू खाली बघून म्हणाली, ‘तपासणारे आपण आहात असं ऐकलं होतं. आपल्यासारख्यांना हे अमक्याचं वचन आहे असं मी सांगायचं, म्हणजे आपल्याला ते माहीत नाही असं म्हटल्यासारखं झालं असतं. घरी अप्पा पंडितांशी बोलतात तेव्हा कधी नाव घेत नाहीत. समोरच्याला ठाऊक असतंच.’

मी कपाळाला हात लावायचा बाकी ठेवला. इतकी वर्षं मी ‘कोण बोलतंय ते सांगा’ म्हणून घसा कोरडा केला आणि या मुलीने मोठ्यांचा मान राखायचा म्हणून ते सांगितलं नव्हतं. शास्त्र्यांच्या घरांत हे असंच असतं, हे मला समजायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. शिलेदारांच्या घरात श्लोकांवर बोलणं होत नाही, घोड्यांवर होतं.

अमलदारांच्या चेहऱ्यावर थोडं काही हललं. पण ते मुरलेले अधिकारी. ‘पकडलं गेल्यावर कोणीही असंच म्हणेल,’ ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तेवढ्यात काशी पुढे आली. मी तिचा दंड धरला, तिने तो सोडवून घेतला. मराठीत मला म्हणाली, ‘बाई, त्यांना पुढचं वाचायला सांगा की. ते आपल्या ओळखीचं तेवढंच वाचतायत.’ आणि मग सरळ अमलदारांना कन्नडमध्ये, ‘सर, आमच्या वर्गात तिसरा प्रश्न असतो. त्यावर तुझं काय म्हणणं? तो तुम्ही विचारलाच नाही. रेघेच्या खालचं वाचा. चोरून आणलेल्या वस्तूशी कोणी भांडतं का?’

हेडमिस्ट्रेसबाई उठायच्या बेतात होत्या. अमलदारांनी हाताने त्यांना थांबवलं, चष्मा वर केला आणि पान पुन्हा उघडलं. मनातल्या मनात वाचत होते. एकदा वाचलं, मागे गेले, परत वाचलं. त्यांनी दुसरी खूण काढली, तिसरी काढली, प्रत्येक वेळी खालच्या ओळींवर बोट फिरवत गेले. शेवटी चष्मा उतरवून म्हणाले, ‘खरं आहे. मी ओळखीची वाक्यं शोधत होतो. सापडली की थांबत होतो. चोरी नाही ही. नाव द्यायला हवं होतं, त्यामुळे बक्षीस देता येणार नाही. पण चोरी नाही.’

माझा जीव भांड्यात पडला म्हणावं, तर अर्धाच पडला. कारण शास्त्री बाकावरून म्हणाले, ‘खाली काय लिहिलंय?’

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अमलदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी निबंधाकडे. त्या ओळी मी आता पहिल्यांदा वाचत होते. चोरीतून सोडवताना काशीने पद्दूला कुठे नेऊन उभं केलं ते मला तेव्हा कळलं. वडिलांनी शेजारी बसवून शिकवलेल्या श्लोकाशी मुलगी भांडली होती, आणि ते आता वडिलांनाच सांगायचं होतं. गोड करून सांगावं असं माझ्या मनात आलं. पण अमलदार ऐकत होते, त्यांना इंग्रजीही येत होतं आणि कन्नडही.

‘मीच सांगते,’ पद्दू म्हणाली. तिने पदर सावरला आणि वडिलांकडे बघून कन्नडमध्ये बोलायला लागली. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. ‘अप्पा, मी लिहिलंय, नदी सगळ्यांना पावन करते असं थोर सांगतात. आमच्या गावच्या विधवाही रोज पहाटे त्याच नदीत न्हातात. इतर सगळ्यांच्या आधी न्हातात. मग न्हाऊन घाटावर आल्या की त्या अशुभ कशा राहतात? लोक त्यांना बघून वाट का बदलतात? एकतर नदीबद्दल सांगितलेलं पुरतं खरं नाही, नाहीतर आम्हांबद्दलचं तरी नाही. नदीबद्दलचं खरं असावं असं मला वाटतं. म्हणून दुसरं सोडायला हवं.’

त्या घरातल्या मुलीने वडिलांसमोर ‘आम्हांबद्दल’ असा शब्द उच्चारायचा, याला काय लागतं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. हेडमिस्ट्रेसबाईंना कन्नड फारसं येत नव्हतं, तरी त्याही खिडकीकडे बघत होत्या. काशीने माझा हात घट्ट धरला होता. मग पद्दूने उरलेल्या दोन जागाही तशाच सांगितल्या, आधी श्लोक आणि मग त्यावरचं आपलं उत्तर.

शास्त्र्यांनी तांब्या उचलला, एक घोट पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला. मग लेकीला विचारायला लागले. रागावून नाही, शिकवणीला बसल्यासारखे. वादात आधी दुसऱ्याची बाजू मांडायची आणि मग तिला उत्तर द्यायचं, हा शास्त्रकारांचा जुना शिरस्ता, आणि त्या पहिल्या बाजूला ते पूर्वपक्ष म्हणतात.

‘हा पूर्वपक्ष तू पुरा मांडलास?’

‘हो अप्पा.’

‘आपल्याला सोयीचा तेवढा तुकडा घेतला नाहीस ना?’

‘नाही. तिन्ही जागी पुरा घेतलाय.’

‘अर्थ वाकवलास?’

‘नाही.’

‘यांनी वाचलाय,’ ते अमलदारांकडे वळले, ‘वाकवलाय का?’

‘नाही शास्त्रीजी,’ अमलदार म्हणाले. ‘भाषांतर चोख आहे. मी याहून चांगलं केलं नसतं.’

‘मग उत्तर दिलंस.’

‘दिलं.’

‘ते बरोबर आहे?’

पद्दूने पुन्हा मान खाली घातली. ‘मला तसं वाटतं, अप्पा. आपण सांगाल.’

शास्त्री उठले. धोतराची घडी खांद्यावर नीट केली. मी मनात म्हणत होते, आता म्हणतील, चल, सामान बांध. घरचे म्हातारे वाट बघत असणार, आणि गाडी बाहेर उभी होती. ते दारापर्यंत गेले आणि लेकीसमोर थांबले.

‘बरोबर नाही,’ ते म्हणाले. ‘तिसऱ्या जागी तुझं उत्तर कच्चं आहे. त्यावर आपल्याला बसून बोलावं लागेल.’

मी डोळे मिटून घेतले.

‘सुट्टीला येशील तेव्हा बोलू,’ शास्त्री म्हणाले. ‘घरी काय सांगायचं ते मी सांगेन. आता तुमचा तास चालू असेल ना? वर्गात जा.’

ती गेली. काशी तिच्यामागे पळत गेली. अमलदार आणि बाई शास्त्र्यांना पोहोचवायला फाटकापर्यंत गेले, आणि मी त्या बाकावर जाऊन बसले. शास्त्री आपला तांब्या तिथेच विसरले होते. त्यातलं उरलेलं पाणी मी न विचारता पिऊन टाकलं.